दोन वह्या

सांगलीच्या गावभागात एका बोळाच्या तोंडाशी किराणा मालाचे एक छोटे दुकान आहे. दर्शनी रुंदी जेमतेम दहा फूट. पुढे साखर, शेंगदाणे आणि पोहे यांची तोंडे दुमडलेली पोती, मागे छतापर्यंत फळ्या, आणि लाकडी गल्ल्यामागे मांडी घालून बसलेले अण्णा. तेथून साठ पावलांवर आक्कांचे घर. लग्न होऊन आक्का या घरात आल्या तेव्हा गल्ल्यावर अण्णांचे वडील बसत. किलोग्रॅमची मापे तेव्हा कायद्याने रुळली होती, तरी आक्कांच्या सासूबाई यादी शेर-पावशेरातच सांगत आणि दुकानदार ती मनातल्या मनात किलोत उतरवून घेई.

या घराचा आणि दुकानाचा व्यवहार दोन वह्यांवर चालत आला. एक वही दुकानात, दुसरी घरी. माल आणताना दोन्हींत नोंद व्हायची, महिना संपला की दोन्ही ताडून पाहायच्या आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रक्कम चुकती करायची. गल्लीतल्या बहुतेक घरांनी आपली वही केव्हाच सोडून दिली होती. ‘अण्णा लिहितात ते खरे’ असे म्हणून त्यांनी एक कटकट वाचवली. आक्कांनी मात्र ती सोडली नाही. हा अविश्वास नव्हता. त्यांना लिहिल्याशिवाय चैन पडत नसे, एवढेच.

सून बँकेत नोकरीला. हिशेब तिच्याही हाताला लागलेला, पण निराळ्या वळणाचा. २०१९ च्या उन्हाळ्यात एका रविवारी ती विश्रामबागेकडच्या एका मोठ्या दुकानातून महिन्याचा माल घेऊन आली आणि त्याची पावती आक्कांच्या वहीशेजारी ठेवून बसली. साबण, चहा, बिस्किटे, कपडे धुण्याची पावडर अशा पुडीबंद वस्तू मोठ्या दुकानात छापील किमतीहून कमी दराने मिळाल्या होत्या. अण्णांकडे त्याच वस्तू पूर्ण किमतीला होत्या. यात अण्णांची लबाडी नव्हती. मोठे दुकान कंपनीकडून ट्रकच्या हिशेबाने माल उचलते, तर अण्णा वितरकाच्या पोऱ्याकडून डझनाने आणि गणपती पेठेतून पोत्याने घेतात आणि वर हमाली देतात. पुडीबंद मालावर त्यांच्या हाती फार थोडे उरते. ते सोडले तर दुसरे गिऱ्हाईक तोडते, आणि सोडले नाही तर हे. मात्र कारण समजले म्हणून आपला खर्च कमी होत नाही, हे सुनेचे म्हणणेही खोडण्यासारखे नव्हते.

सुट्या मालाची गोष्ट वेगळी. डाळी आणि गूळ यांचे भाव दोन्हीकडे जवळपास सारखे निघाले, कधी अण्णांकडेच कमी. परंतु पुडीवर वजन, कमाल किंमत, बांधणीचा महिना हे सारे कायद्याने छापावे लागते. पोत्यातल्या तुरीवर काहीच छापलेले नसते. ती कोणत्या हंगामाची आणि कशात काय मिसळले आहे, याला अण्णांचा शब्द हाच पुरावा. दोनदा रव्यात अळ्या निघाल्या होत्या. अण्णांनी तो निमूटपणे बदलून दिला खरा, पण परत आलेला रवा पुढे कोणाच्या घरी गेला, हे कोणी विचारले नाही.

सून प्रामाणिक होती. तिने मोठ्या दुकानाची बाजूही झाकली नाही. बावीस वस्तूंची यादी घेऊन ती गेली आणि एकतीस वस्तू घेऊन आली. त्या नऊ वस्तू आणि रिक्षाचे भाडे मोजले तर बचतीचा मोठा भाग रस्त्यातच सांडला होता. तरीही तिचे मन त्या दुकानाकडेच झुकत होते आणि त्याचे कारण पैशात नव्हते. तेथे तिला कोणी ओळखत नव्हते.

कोपऱ्यावरच्या दुकानाचा हा दोष फारसा बोलला जात नाही. गल्ल्याला सर्व कळते. एखाद्या घरातून पाच लिटरच्या डब्याऐवजी तेलाची छोटी पिशवी जाऊ लागली की त्या घरातली आवक आटली, हे नातेवाइकांच्या आधी दुकानाला समजते. अण्णा ते कोणाला सांगत नसत, पण दुकानात उभी असलेली चार माणसे तर ऐकतात. मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची उधारी चार महिने थकली, तेव्हा ते बोळाला वळसा घालून घरी जाऊ लागले आणि माल आणायला लहान मुलीला पाठवू लागले. थकबाकीचे व्याज दुकानदार घेत नाही असे म्हणतात. ते तो अशा प्रकारे न मागताच घेतो. ज्याची उधारी तुंबली त्याला भाव विचारता येत नाही, किडका नारळ परत करता येत नाही. वजनकाट्याची दरवर्षी तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो, तो पाहण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. परंतु देणे असलेला माणूस काट्याकडे वाकून पाहील कसा?

आणि तरीही त्या गृहस्थांच्या घरची चूल चार महिने पेटत राहिली ती अण्णांच्याच वहीवर. मोठ्या दुकानाच्या दारात रिकाम्या खिशाला काहीच मिळत नाही. रोजंदारीच्या बाईला वीस रुपयांचे तेल आणि दहा रुपयांची चहापत्ती हवी असते. एवढे मोजून देणारी जागा कोपऱ्यावरच असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा गावभागातल्या कित्येक घरांत पैसा होता पण तो चालत नव्हता. त्या आठवड्यांत या दुकानाने फक्त लिहून घेतले. रात्री साडेदहाला अर्धे शटर उचलून बाळाच्या दुधासाठी साखर देणे, चातुर्मास लागण्याआधी आक्कांच्या घरासाठी नवे, स्वच्छ मूग न सांगता बाजूला काढून ठेवणे, यांची किंमत कोणत्या रकान्यात मांडायची हे सुनेलाही सुचले नाही.

एका गोष्टीवरून मात्र तिचे आणि अण्णांचे खटके उडत. दूध आणि दही यांच्या प्रत्येक पिशवीमागे ते छापील किमतीपेक्षा एक रुपया अधिक घेत.

“फ्रीजला लाईट लागते की, सूनबाई,” ते हसून म्हणत.

“अण्णा, छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. कायदा आहे.”

“एका रुपयात काय जातंय तुमचं?”

आक्का या वादात पडत नसत. त्या आणि अण्णा दोघेही मंदिरातल्या स्वाध्यायाला बसणारे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी वजनमापे वापरणे आणि भेसळ करणे हे दोन्ही येतात, हे दोघांनी एकाच सतरंजीवर बसून अनेकदा ऐकलेले. आक्का बोलल्या काही नाहीत. जादा दिलेला एकेक रुपया वहीच्या समासात एक उभी रेघ ओढून लिहीत गेल्या.

जुलै संपताना सुनेने निर्णय घेतला, की या महिन्याची बाकी भागवायची आणि खाते बंद करायचे. आक्का ‘बघू’ म्हणाल्या. बाकी तीन हजार एकशे चाळीस रुपये होती. ती द्यायच्या आतच ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडला आणि कृष्णेचे पाणी गावभागात शिरले.

त्या पुराविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. येथे दुकानापुरतेच सांगायचे. पाणी प्रथम उंबऱ्याला लागले, मग गल्ल्याला, मग वरच्या फळ्यांना. अण्णांचे कुटुंब नावेतून बाहेर पडले आणि मिरजेला नातलगांकडे गेले. पाणी ओसरल्यावर शटर वर केले तेव्हा साखरेची पोती रिकामी होती, मीठ नाहीसे झाले होते, डाळी फुगून कुजल्या होत्या आणि त्या वासाने बोळात उभे राहवत नव्हते. गल्ल्याच्या खणातल्या वह्यांचा लगदा झाला होता. शाई पानांवरून उतरून गेली होती. दुकानाचा विमा नव्हता. अशा दुकानांचा बहुधा नसतोच. बुडालेला माल निदान अंदाजाने मोजता येत होता. बुडालेली उधारी मोजण्याचे साधनच उरले नव्हते. गल्लीत कोणाकडे किती आहे, हे आता ज्याचे त्यालाच ठाऊक होते.

अण्णांनी कोणाच्या दारात जाऊन विचारले नाही. काही माणसे आपण होऊन आली आणि आठवेल ती रक्कम सांगून गेली. काहींना आठवले ते निम्मेच. काहींनी विश्रामबागेचा रस्ता धरला. वळसा घालून जाणारे ते गृहस्थ मात्र पहिल्याच दिवशी आले, हातात पैसे नव्हते म्हणून खराटा घेऊन चिखल उपसू लागले, आणि जाताना आपला आकडा एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवून गेले.

आक्कांच्या घराचा वरचा मजला कोरडा राहिला होता. पेटीतली वही तशीच होती. गुडघ्यांमुळे त्यांना चिखलातून जाता येईना. त्यांनी वही सुनेच्या हातात दिली.

“खातं बंद करायचं तर कर, बाळ. पण आधी हे देऊन ये. आणि समासातलंही वाचून दाखव.”

सून दुकानाशी पोहोचली तेव्हा अण्णा रिकाम्या डब्यांना फडके मारत होते. तिने तारीखवार सगळे वाचले. अण्णा प्रत्येक ओळीला मान हलवत होते, जणू त्यांची वही समोर आहे. शेवटी ती म्हणाली, “एकूण एकतीसशे चाळीस. आणि दूध-दह्याचे जादा घेतलेले तेवीस.”

फडके थांबले.

“तेवीस झाले?”

“आईंनी रेघा मारल्यात. मोजून घ्या.”

अण्णांनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि खरोखरच एकेक रेघ बोटाने मोजली. मग वही मिटून परत दिली. “एकतीसशे सतरा द्या, सूनबाई.”

खाते बंद झाले नाही. साबण आणि चहा आता विश्रामबागेहून येतो. धान्य, तेल, गूळ अण्णांकडून. महिनाअखेरीस दोन वह्या ताडून पाहण्याचे काम सुनेकडे आले आहे. त्या घराला दूध छापील किमतीत मिळते. शेजारच्या घरांना अजूनही एक रुपया जास्त पडतो. त्यांच्याकडे वही नाही.