ढाबळीतलं शहाणपण

कबुतरं पाळलेल्या माणसाने डव्ह पाळू नयेत. पाळायचेच असतील तर निदान सुरुवातीला तरी स्वतःला नवशिका समजावं. मी समजलो नाही. मिरजेत काकांच्या माडीवर कबुतरांची ढाबळ होती. लक्के, गिरेबाज, लोटन असा सगळा गोतावळा, आणि दप्तर टाकून मी कायम वर. त्यामुळे पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत रिंगनेक डव्ह आणायचं ठरलं तेव्हा कुणाला काही विचारावं असं वाटलंच नाही. डव्ह म्हणजे अंगाने लहान कबूतर, एवढाच माझा हिशेब.

हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता, हीच तर पंचाईत. कबूतर, पारवा, होला, आपल्या राज्याचा पक्षी हरियाल, सगळे एकाच कुळातले. पिजन कुणाला म्हणायचं आणि डव्ह कुणाला, याची काटेकोर रेघ पक्षिशास्त्रातही नाही. थोराड असेल तो पिजन, लहानखुरा आणि लांब शेपटीचा असेल तो डव्ह, इतकंच. दोघेही चोच पाण्यात बुडवून सलग पाणी ओढतात, कोंबडीसारखी मान वर करून घोट गिळत नाहीत. बहुतेक वेळा अंडी दोनच. नर-मादी पाळीपाळीने ती उबवतात आणि पिल्लांना गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दूध दोघेही भरवतात. एवढं साम्य समोर असल्यावर माणूस फसणारच.

दुकानातून ‘जोडी’ म्हणून दोन सायीच्या रंगाचे पक्षी आणले. मानेवर काळी चंद्रकोर, आणि फांदीवर उतरताना माणूस हसावा तसा आवाज. या जातीत नर आणि मादी दिसायला सारखेच. पण ढाबळीत नर ओळखायला मला वेळ लागत नसे. गळा फुगवून, शेपटी जमिनीला घासत, गोल फिरत घुमतो तो नर. इथेही एक पक्षी वाकून वाकून घुमत होता. झालं, तो नर, दुसरी मादी, मी ठरवून मोकळा. काही दिवसांनी घरट्यात बघतो तर चार अंडी! मी आनंदाने घरभर सांगत सुटलो. चौदाएक दिवसांत फुटायला हवी होती (कबुतराला चार दिवस जास्त लागतात), ती फुटेनात. टॉर्चवर धरली तर आरपार स्वच्छ, आत शिरेचा मागमूस नाही. दोन्ही माद्याच होत्या. जोडीला नर नसला की एक मादी नराचं सोंग घेते. चार अंडी दिसली तेव्हाच हे कळायला हवं होतं.

दाण्याचंही तेच. काकांच्या सवयीने मी ज्वारी, मका आणि हरभरा मिसळून घालत होतो. कबूतर मक्याचा दाणा सहज गिळतं. डव्हसुद्धा दाणा सोलत नाही, अख्खाच गिळतो, पण त्याला राळा, बाजरी असलं बारीक धान्य लागतं. माझे पक्षी ज्वारी तेवढी वेचायचे आणि मी समजायचो की पोट भरलंय. एक दिवस हातात घेतलं तर छातीचं हाड बोटांना सुरीच्या पात्यासारखं लागलं. त्यात बाल्कनी उत्तरेकडे, म्हणजे ऊनही नाही. शेवटी एका मादीचं अंडं अडकलं. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून ती पिंजऱ्याच्या तळाशी बसून होती. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी ऊब आणि कॅल्शियम देऊन वाचवली आणि मला चांगलं खडसावलं. तेव्हापासून आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून आणलेलं समुद्रफेन पिंजऱ्याला कायम टांगलेलं असतं आणि सकाळी पिंजरा गच्चीवर उन्हात जातो.

डव्ह रात्री घाबरतात हेही मला माहीत नव्हतं. कबूतर दचकलं तर फडफडून गप्प होतं. डव्ह सरळ वर उसळतो आणि छतावर डोकं आपटतो. मांजराची सावली पुरते, कधी तीही लागत नाही. सकाळी कपाळाची कातडी सोललेली आणि पिंजराभर पिसं बघून मी घुशीवर संशय घेतला होता. आता छताखाली मऊ कापड ताणलंय आणि रात्री लहान दिवा असतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र शांतीच्या पक्ष्याबद्दलच्या समजुतीने झाली. पुढे खरा नर मिळाला आणि मी तो आल्या आल्या त्याच पिंजऱ्यात सोडला. ढाबळीत नवं कबूतर असंच सोडत. पंखांच्या चार थपडा बसतात, हरलेलं उडून दुसऱ्या खणात जातं. पिंजऱ्यात दुसरा खण कुठला? संध्याकाळी ऑफिसातून आलो तर नव्या नराच्या डोक्यावर आणि मानेवर एक पीस शिल्लक नव्हतं, आणि सुरुवातीला घुमणारी ती मादी अजून टोचतच होती. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४९च्या आपल्या पुस्तकात असाच प्रसंग लिहिलाय. त्यांच्याकडेही सोलणारी रिंगडव्ह मादीच होती. पुढे नोबेल मिळालेला माणूसही इथे फसला, एवढंच माझं समाधान.

आणि आता पिंजऱ्याचं दार उघडलं ती गोष्ट. नवं गिरेबाज आणलं की काका काही आठवडे पंख बांधत, छप्पर ओळखीचं करत, मग भुकेलं ठेवून सोडत. डबा वाजवला की सगळी उतरायची. कबुतराला घर सापडतंच. ओडिशा पोलिसांची कबुतरं १९९९च्या महाचक्रीवादळात निरोप पोचवत होती. मी पंख बांधले, डबा वाजवायची सवय लावली, आणि एका सकाळी त्या नराला सोडलं. तो समोरच्या कडुलिंबावर बसला. डबा ऐकून मान वळवायचा, पण खाली कसं यायचं ते त्याला उमगत नव्हतं. दुपारपर्यंत कावळे जमले आणि मग तो दिसला नाही.

या रिंगनेकचे पूर्वज आफ्रिकेतले. पण पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात गेल्यामुळे घरी परतायची खूणगाठ त्याच्यात नाही, बाहेर दाणा शोधायची अक्कल नाही आणि शिक्र्याची भीतीही पुरेशी नाही. तारेवर घुमणारा आपला होला वेगळा. तो रानातला आहे, आणि त्याला पकडून पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

माझ्याकडे आता पांढरी रिंगनेक आहेत, म्हणून लग्नसराईत फोन येतात: स्टेजवरून उडवायला दोन द्याल का? मी देत नाही. तुमच्याकडे असतील तर तुम्हीही देऊ नका. उडवायचंच असेल तर परत येणारी पांढरी कबुतरं असलेला कबूतरवाला गाठा, आणि त्यालाही कबुतरांना परतायला उजेड असतानाच बोलवा.