गाळ्याचं भाडं आणि मोंढ्याची पट्टी

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर गाळ्याची बोलणी ‘चौरस फुटाला महिना किती’ इथून सुरू होतात. हिंगोलीच्या जवाहर रोडवर तेवढ्याच प्रश्नावर मूल्यांकन केलं, तर आकडा फसवा निघतो. इथल्या बाजाराचा कल भाड्यापेक्षा अनामतीत आधी दिसतो, आणि अनामतीचा जोर मोंढ्यातली आवक ठरवते, असं माझं मत आहे. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि १०० पैकी जवळपास ८५ माणसं खेड्यात राहत होती. म्हणजे गांधी चौकातल्या कापड दुकानाचं मोठं गिऱ्हाईक सेनगाव-औंढ्याकडून एसटीने येणारं. त्याच्या हाती पैसा येतो तो सोयाबीनचा दसरा-दिवाळीला आणि हळदीचा उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत. आडत्याकडून पट्टी मिळाली की आधी उधारी फिटते, मग सोनं, कपडे, भांडी. मधले महिने दुकानदार वहीवर काढतो. असा दुकानदार दरमहा जास्त भाड्याला बिचकतो, पण हंगामात एकरकमी लाख-दोन लाख मोजायला तयार असतो.

कायद्याचीही याला साथ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम ११ प्रमाणे जुन्या भाडेकरूचं भाडं सर्वसाधारणपणे वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढतं. कलम ५६ ने मात्र अनामत आणि पागडी घ्यायला मोकळीक दिली. जिथे दार उघडं, तिथूनच पैसा वाहणार. आता कोणी म्हणेल, परवाच एका बँकेने मुख्य रस्त्यावर दुप्पट भाडं दिलं, त्याचं काय? बँका आणि १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेल्या भांडवलाच्या कंपन्या या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांचा दर शेजारच्या किराणा दुकानाला लावणं म्हणजे शुद्ध गफलत, तरी मालक बोलणीत पहिला दाखला तोच देतात!

ऑनलाइन खरेदीने गाळे ओस पडतील, ही भीती मला अर्धीच पटते. मोबाइल, चप्पल, तयार कपडे यांना फटका बसतोच. पण हळद विकल्यावर पैसे घेईन, असं म्हणणारं ॲप अजून आलेलं नाही, आणि इथल्या दुकानाची खरी पत त्या उधारीत आहे. मला चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. अनामत फुगली की भांडवल नसलेला नवा पोरगा जुन्या पेठेत शिरूच शकत नाही. तो अकोला-नांदेड महामार्गाच्या कडेला जातो. तिथे ट्रॅक्टरचं शोरूम, गॅरेज चालतं. पायी फिरणाऱ्या गिऱ्हाइकावर जगणारं दुकान चालत नाही.

म्हणून करारातच भाडं हंगामाला जोडावं, असं मी सुचवतो: अनामत कमी, सोयाबीन आणि हळदीच्या वेळी मोठे हप्ते, मधल्या महिन्यांत किरकोळ रक्कम. मालकाला बँकेचा हप्ता दरमहा भरायचा असतो, हा आक्षेप रास्त आहे. कर्ज काढून कॉम्प्लेक्स बांधणाऱ्याला ही रीत परवडायची नाही. पण पेठेतल्या कित्येक मालकांची स्वतःची शेती आहे, त्यांचं घर हंगामावरच चालतं. त्यांनी करार मात्र लेखी आणि नोंदणीकृत करावा. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात.