स्टेपनी आणि ओरखडा

आप्पामामांच्या १९३२ सालच्या शेव्हरोलेची स्टेपनी पुढच्या मडगार्डातल्या खोलगट जागेत उभी असते. 'स्टेपनी' हा शब्दही गमतीदार बरं का! वेल्समधल्या लानेली गावी, स्टेपनी रस्त्यावर, १९०४च्या सुमारास जादा चाकांचा धंदा सुरू झाला. त्यावरून हे नाव पडलं.

मी सातवीत होतो. मामा म्हणाले, "खाली पाणी साचून गंज धरतो, चाक काढून पुसू या. आधी मडगार्डावर गोधडी टाक. मग नट सोडव. थोडी हवा सोड, म्हणजे टायर अडकणार नाही. मग दोघांनी सरळ वर उचलायचं."

मामा चहाला आत गेले. मी म्हटलं, एवढं सगळं कशाला? नट सोडवला आणि एकट्यानेच चाक ओढलं. खर्रर्र! मडगार्डावर वीतभर ओरखडा.

छातीत धस्स झालं. वर गोधडी टाकून तो झाकावा, असंही मनात आलं. पण मामा आले तेव्हा सांगून टाकलं. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गंज पूस. आता बसवायचंय. धर पलीकडून."

आधी गोधडी, मग चाक सरळ खाली, नट, शेवटी हवा.

रंगाऱ्याने ओरखडा कधीच बुजवला. मला मात्र तो अजून दिसतो.