सव्वाबारा वाजताचे ब्लूज

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर हेलेना नावाचे जुने नदीबंदर आहे. नदीच्या दोन्ही अंगांना कापसाची सपाट शेते आणि त्यांत राबणारी, बहुतांशी कृष्णवर्णीय, कष्टकरी वस्ती. १९४१ च्या नोव्हेंबरात या गावात केएफएफए हे छोटेसे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि त्याच महिन्यात दोन भटके ब्लूज वादक केंद्राचे मालक सॅम अँडरसन यांच्या दारात उभे राहिले. माउथ ऑर्गनवाला सनी बॉय विल्यमसन आणि गिटारवाला रॉबर्ट लॉकवूड. लॉकवूडची तालीम थेट नामांकित ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनकडे झालेली. जॉन्सन लॉकवूडच्या आईबरोबर राहत असे.

जाहिरातदार असल्याशिवाय कार्यक्रम नाही, असा रेडिओचा रोकडा हिशेब होता. अँडरसननी दोघांना मॅक्स मूर या किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे धाडले. मूर यांना ‘किंग बिस्किट’ नावाचे गव्हाचे पीठ खपवायचे होते. वादकांनी रोज पंधरा मिनिटे वाजवावे, मधूनमधून पिठाची तारीफ करावी आणि आज रात्री आपण कोणत्या गावात वाजवणार आहोत तेही सांगून टाकावे, असे ठरले. २१ नोव्हेंबर १९४१ रोजी ‘किंग बिस्किट टाइम’ सुरू झाला. कलेची सेवा वगैरे या सौद्यात कोणाच्याच मनात नव्हती. दोन्ही बाजूंना आपापला फायदा स्वच्छ दिसत होता, आणि कार्यक्रम पुढे दशकानुदशके चालला त्याचे अर्धे श्रेय या स्वच्छपणाला द्यायला हवे.

उरलेले अर्धे श्रेय वेळेचे. कार्यक्रम दुपारी सव्वाबाराला लागे. त्या वेळी शेतातली माणसे जेवायला थांबलेली असत. उन्हातून आलेले अंग, समोर डबा आणि कोणाच्या तरी खोलीतून ऐकू येणारा तो माउथ ऑर्गन. तो कधी माणसासारखा कण्हे, कधी आगगाडीसारखा धापा टाकी. लॉकवूडच्या हातात विजेवरची गिटार होती. त्या मुलखात अनेकांनी तिचा आवाज प्रथम ऐकला तो इथेच. पुढे जेम्स ‘पेक’ कर्टिसचे ड्रम आले, पियानोवर पाइनटॉप पर्किन्स येऊन बसला, आणि दोघांच्या जोडीचा ताफा झाला. पिठाच्या जाहिराती मिरवत हा ताफा गावोगावच्या दुकानांसमोर वाजवू लागला. मूर यांचा धंदा असा वाढला की त्यांनी ‘सनी बॉय’ याच नावाने मक्याचे पीठही काढले. पोत्यावर कणसावर बसलेल्या सनी बॉयचे चित्र होते. वादकाचे नाव रेकॉर्डवर छापले जाण्याआधी पिठाच्या पोत्यावर छापले गेले.

हे शब्दशः खरे आहे. या माणसाचे नाव मुळात अ‍ॅलेक मिलर. ‘राइस’ मिलर म्हणून तो ओळखला जाई. ‘सनी बॉय विल्यमसन’ हे शिकागोतल्या दुसऱ्याच एका माउथ ऑर्गनवादकाचे नाव. १९३७ पासून त्याच्या रेकॉर्ड निघत होत्या आणि त्या खपतही होत्या. मिलरने ते नाव सरळ उचलले. उचलेगिरी म्हणावी तर ती होतीच. पण रेडिओला चेहरा नसतो, आणि रोज दुपारी जो ऐकू येतो तोच त्या मुलखाच्या लेखी खरा सनी बॉय ठरला. मिलरची स्वतःची पहिली रेकॉर्ड निघाली १९५१ मध्ये. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात दुकान चालवणाऱ्या लिलियन मॅकमरी यांनी त्याला शोधून काढले आणि आपल्या ‘ट्रम्पेट’ या छोट्या कंपनीसाठी गाऊन घेतले. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे हा माणूस एकाही रेकॉर्डशिवाय पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. ट्रम्पेटसाठी त्याने केलेले ‘आयसाइट टू द ब्लाइंड’ हे गाणे १९६९ मध्ये द हू या ब्रिटिश रॉक बँडने आपल्या ‘टॉमी’ या अल्बममध्ये घेतले.

दुपारच्या त्या श्रोत्यांमध्ये मिसिसिपीच्या शेतात राबणारा एक तरुण होता: बी. बी. किंग. तो मेम्फिसला आला तेव्हा सनी बॉय नदीपलीकडच्या वेस्ट मेम्फिसमध्ये दुसऱ्या एका रेडिओवर कार्यक्रम करत होता. १९४८ च्या सुमारास किंगने तिथे जाऊन एक गाणे गाण्याची परवानगी मागितली आणि सनी बॉयने ती दिली. त्यानंतर थोड्याच काळात किंगला मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्रावर स्वतःची दहा मिनिटे मिळाली. तिथे विकायला होते एक टॉनिक. हेलेनाजवळच्या शेतकरी कुटुंबातला लेव्हॉन हेल्म हा गोरा मुलगाही पेक कर्टिसचे ड्रम कान देऊन ऐकत वाढला. पुढे तो ‘द बँड’ याच नावाच्या रॉक बँडचा ड्रमवादक झाला. गोऱ्याकाळ्यांना वेगळ्या बाकांवर बसवणाऱ्या त्या काळातही रेडिओच्या लहरी भेदभाव पाळू शकत नव्हत्या.

१९६३ पासून युरोपात सनी बॉयचे कौतुक झाले, यार्डबर्ड्स आणि अ‍ॅनिमल्स या तरुण ब्रिटिश बँडांबरोबर त्याने वाजवले, आणि अखेर तो हेलेनाला परतून पुन्हा त्याच कार्यक्रमात बसू लागला. मे १९६५ मध्ये तो गेला. १९५१ पासून कार्यक्रमाचे निवेदन करणारे सनी पेन २०१८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते करत राहिले. मध्ये काही वर्षे कार्यक्रम बंद होता तेवढाच खंड. तोवर प्रसारणांची संख्या १७ हजारांच्या पुढे गेली होती. कार्यक्रमाचे नावही दूर पोहोचले. १९७३ मध्ये ‘किंग बिस्किट फ्लॉवर अवर’ हा रॉकचा कार्यक्रम अमेरिकाभर सुरू झाला, आणि त्याच्या पहिल्याच भागात तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला ब्रूस स्प्रिंगस्टीन होता.

अटलांटिकच्या पलीकडे, रेकॉर्ड नसलेल्या वादकांना रेडिओवरून लोकांपर्यंत पोचवण्याचे हेच काम बीबीसीच्या जॉन पील यांनी १९६७ पासून २००४ पर्यंत केले. तिथे निमित्त पिठाचे नव्हते, कामगार संघटनेचे होते. दिवसाकाठी किती रेकॉर्ड वाजवायच्या यावर वादक संघटनेच्या आग्रहाने मर्यादा होती, म्हणून उरलेल्या वेळेसाठी बँडांना स्टुडिओत बोलावून खास ध्वनिमुद्रण करावे लागे. वादकांचा रोजगार राखण्यासाठी घातलेल्या या अटीतून चार हजारांहून अधिक ‘पील सेशन्स’ जमली. रेकॉर्ड कंपनी नसलेल्या कित्येक बँडांचे पहिले बरे ध्वनिमुद्रण तेच. १९७८ च्या सप्टेंबरात पील यांनी उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या अंडरटोन्स या पोरसवदा बँडचे ‘टीनेज किक्स’ लागोपाठ दोनदा वाजवले. बेलफास्टच्या एका रेकॉर्डविक्रेत्याने काढलेली ती तबकडी. सायर या रेकॉर्ड कंपनीचे सीमोर स्टाइन तेव्हा लंडनमध्ये होते; त्यांच्या कानी ते गाणे पडले आणि बँडला करार मिळाला. पील यांना काही विकायचे नव्हते, त्यामुळे ते विक्षिप्त, कर्कश, कधीकधी न ऐकवणारेही वाजवत. हेलेनाच्या कार्यक्रमाला ही चैन नव्हती. तिथे गाणे रुचले नसते तर पीठ खपले नसते. दोहोंत हेलेनाचीच परीक्षा अधिक कडक म्हणावी लागेल.

या वाटेने जाऊ पाहणाऱ्याने १९५१ च्या ट्रम्पेट रेकॉर्डपासून सुरुवात करावी, मग बी. बी. किंग, मग द बँड आणि शेवटी पील सेशन्स. आणि आज एखाद्या कार्यक्रमात कंपनी नसलेला नवा वादक आवडला, तर त्याच्या पुढच्या मैफलीचे तिकीट काढावे. सनी बॉयने पिठाची स्तुती करता करता रोज रात्रीचा पत्ता सांगितला तो त्याचसाठी.