बुडबुडा

बुडबुड्याला आपल्या भाषेत कधी मान मिळाला नाही. कीर्तनकार नरदेहाला पाण्यावरचा बुडबुडा म्हणतो आणि समोरच्या चार म्हाताऱ्या माना डोलावतात. जगात जे जे म्हणून पोकळ आणि क्षणभंगुर, त्याला बुडबुड्याची उपमा देऊन आपण मोकळे होतो. मीही माझ्या कादंबऱ्यांतून ती सढळ हाताने वापरली आहे. त्यांतली एक कादंबरी तर खरोखरच बुडबुड्यासारखी फुटली! एक गवंडी तेवढा पाणसळीतल्या बुडबुड्याकडे आदराने पाहतो. गेल्या दिवाळीपासून मीही पाहू लागलो आहे.

त्याचे असे झाले. आमच्या मुलीला नवव्या वर्षी मधुमेह जडला. म्हातारपणी होतो तो नव्हे. ज्यात शरीर इन्सुलिन तयार करणेच थांबवते, तो. १९२२ सालापूर्वी हा आजार झालेली मुले फार दिवस जगत नसत. त्या वर्षीच्या जानेवारीत टोरांटोच्या एका इस्पितळात लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि जगातल्या अशा सगळ्या मुलांचे नशीब पालटले. तो कुठला कोण मुलगा, पण आमच्या घरात त्याचे नाव कुलदैवताच्या खालोखाल घेतले जाते.

पहिली दोन वर्षे मुलीने दिवसाकाठी चार-पाच सुया सोसल्या. मग पंप आला. पंप म्हटल्यावर विहिरीवरचा डोळ्यांपुढे आणू नका. हा मुठीत मावतो. त्यात कार्ट्रिज नावाचे एक नळकांडे असते. काठोकाठ भरले तर त्यात ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट इन्सुलिन मावते. मागून एक दट्ट्या ते इन्सुलिन थेंबाच्याही अंशाने पुढे सरकवतो आणि हातभर लांबीच्या, दोऱ्यासारख्या बारीक नळीतून ते कातडीखाली जाते. दर दोन-तीन दिवसांनी कार्ट्रिज नव्याने भरायचे. हे काम मी हौसेने माझ्याकडे घेतले होते.

आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. ते ऐकून आमची आई घाबरली. सिनेमातला खलनायक शिरेत हवा टोचून माणूस मारतो, हे तिने पाहिलेले! पण ही नळी शिरेत जात नाही, कातडीखालच्या चरबीत जाते. तिथे गेलेली हवा जिरून जाते. बुडबुडा जे करतो त्याने अपाय होत नाही. तो जी जागा अडवतो, तिने होतो. तेवढ्या जागेतले इन्सुलिन शरीराला मिळत नाही. युनिट म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. लहान मुलाच्या हिशेबात दोन-तीन युनिटे म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. शिवाय पंपात असते ते झटपट काम करून संपणारे इन्सुलिन. शरीरात शिल्लक अशी राहत नाही. पुरवठा तुटला, तर काही तासांतच रक्तात आम्ले साठू लागतात आणि जिवावर बेतू शकते.

हे सगळे मला तोंडपाठ होते. पण पाठ असणे निराळे आणि हातात असणे निराळे, हे मुलांना रोज सांगणारा मास्तर स्वतः मात्र विसरला.

नरकचतुर्दशीच्या आदली संध्याकाळ होती. आकाशकंदील टांगायचा राहिला होता आणि स्वयंपाकघरातून हाका चालू होत्या. फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढली, तशीच गारेगार कार्ट्रिजमध्ये भरली आणि पंप मुलीच्या कमरेला लावून मी शिडीवर चढलो.

रात्री अकराला मुलगी तिसऱ्यांदा पाणी प्यायला उठली. बोटातले रक्त तपासले, तर साखर ३७२! पंप पाहिला. जेवणाच्या वेळचे ५ युनिट दिल्याची नोंद त्यात चोख होती. मग चूक कोणाची? मी फराळाचा डबा उघडला. दोन करंज्या कमी!

"करंज्या खाल्ल्यास ना? न सांगता?"

"नाही बाबा."

"खोटं बोललेलं मला खपत नाही!" वर्गात वापरतो तोच आवाज मी घरात वापरला.

ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून निजली. तिचे खांदे हलत होते.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "त्या करंज्या काल रात्री लिहिता लिहिता तुम्हीच संपवल्यात."

मी बॅटरी आणली. नळी उजेडात धरली, तर तुटक तुटक मिळून वीतभर हवा! पंप खोटे बोलत नव्हता. दट्ट्या किती सरकला, एवढेच त्याला ठाऊक. पुढे औषध गेले की हवा, हे त्याला कळत नाही.

पेनने इन्सुलिन टोचले, लघवीतली आम्ले तपासली, कार्ट्रिज आणि नळी दोन्ही बदलली. मग उशाशी बसून राहिलो. दोन तासांनी २९०. पहाटे पणत्या लागल्या तेव्हा १५१.

दिवाळीनंतर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठले. माझे विज्ञान मॅट्रिकलाच संपलेले. ते म्हणाले, "गार पाण्यात हवा जास्त विरघळते. ते तापलं की हवा बाहेर पडते. रात्री भरून ठेवलेल्या पेल्याला सकाळी आतून बुडबुडे चिकटलेले पाहता ना? तेच हे." म्हणजे भरताना दिसला नाही तो बुडबुडा मुलीच्या अंगाच्या उबेने नंतर जन्माला आला होता!

आता बाटली आधी बाहेर काढून खोलीइतकी कोमट होऊ देतो. सावकाश ओढून घेतो, टोक वर करून टिचक्या मारतो, वर जमलेली हवा बाटलीत परत ढकलतो. नळी शरीराला जोडण्याआधीच तिच्या टोकाशी थेंब येईपर्यंत इन्सुलिन सोडतो. पाऊण तास मोडतो, मोडू दे.

पण त्या रात्रीचे बोलणे राहून राहून आठवते. वीस वर्षे मी शिकवतो आहे. किती धडे झाले, याची नोंद माझ्याही वहीत चोख असते. पोचले किती, हे मी कधी उजेडात धरून पाहिले?

त्या पहाटे उटणे लावून घ्यायला मुलगी पाटावर बसली, तेव्हा मी म्हणालो, "चुकलो मी. तू खरं बोलत होतीस."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी आधी नळी बघा. मग मला विचारा."

तेव्हापासून भरलेले कार्ट्रिज मी तिच्या हाती देतो. ती ते खिडकीशी नेते, एक डोळा मिटून न्याहाळते आणि बहुतेक वेळा म्हणते, "पास!"

कधीकधी नापासही करते. मग मी निमूटपणे पुन्हा भरायला बसतो.