अढीचे श्रेय

"मुलीला कोणत्या शाळेत घालू?" हा प्रश्न शिक्षिकेच्या पाचवीलाच पुजलेला असतो. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पण खडूने हात पांढरे झाले, की माणसाला सारे कळते असा लोकांचा समज आहे. यंदा हा प्रश्न बोस्टनहून, धाकट्या भावाकडून आला.

पुतणीला चौदावे वर्ष लागले आहे. "ताई, हिला अँडोव्हरला पाठवू की एक्झिटरला?" पहिली शाळा १७७८ सालची, दुसरी १७८१ सालची. वसतिगृहात ठेवायचे तर वर्षाला सत्तर हजार डॉलरांहून अधिक खर्च. सोबत एक तक्ता होता : कोणत्या शाळेची किती मुले हार्वर्डला गेली, किती येलला, किती प्रिन्स्टनला.

तक्ता पाहून मला हसू आले. पाडाचे आंबे वेचून अढीत घालायचे आणि पिकल्यावर गवताची तारीफ करायची, त्यातलाच हा प्रकार! या शाळा आधी हुशार मुले निवडून घेतात. घरच्या श्रीमंतीचा वाटा आणखी वेगळा. चेट्टी, डेमिंग आणि फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ साली दाखवून दिले, की प्रवेशपरीक्षेत गुण सारखे असूनही, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात त्या नामांकित विद्यापीठांत पोचतात. आईवडील तिथलेच माजी विद्यार्थी असणे, हे त्याचे एक कारण. मग श्रेय शाळेचे किती आणि आईबापांचे किती?

बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या सरकारी, पण परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. थोडक्या गुणांनी आत गेलेली आणि तेवढ्याच थोडक्या गुणांनी बाहेर राहिलेली मुले ताडून पाहिली, तर पुढच्या परीक्षांत दोघांत फारसे अंतर सापडले नाही. उंबरठा ओलांडणारी आणि न ओलांडणारी, मुले एकाच मातीची!

तरी त्या शाळांना मी नावे ठेवणार नाही. १९३० साली हार्कनेस नावाच्या धनिकाने दिलेल्या देणगीतून एक्झिटरच्या वर्गांत लंबगोल मेजे आली. भोवती बाराएक मुले आणि शिक्षक बसतात. व्याख्यान नाही, चर्चा. साठ मुलांपुढे घसा कोरडा करणाऱ्या मला त्या मेजाचा हेवा वाटतो. भावाच्या तक्त्यात मात्र त्याला रकाना नाही.

मी लिहिले, "हार्वर्डचा आकडा विचारू नकोस. प्रवेशाच्या वेळी मागे असलेल्या मुलाचे चार वर्षांत काय झाले, ते विचार. आणि चौदाव्या वर्षी घर सोडायची तयारी आहे का, ते लेकीला विचार."

भावाचे उत्तर अजून यायचे आहे. पुतणीचे मात्र आले, मोडक्या मराठीत : "आत्या, त्या मेजावर जी मुलगी आधी गप्प बसते, तिला पण बोलायला मिळते का?"