ताण

मे महिन्यात काशीला हौसेने कुणी जात नाही. मी गेले ती मामींच्या वर्षश्राद्धाला. मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. दुर्गाघाटाजवळच्या मराठी वस्तीत त्यांच्या किती पिढ्या गेल्या, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. त्यांची नोकरी रेल्वेत झाली, रुळांच्या देखभालीत. मी रूळ म्हणते, ते पटरी म्हणतात. एरवी त्यांचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आणि शुद्ध, पण कामाचे शब्द सगळे हिंदी.

सामानात माझं एक काम होतं. पदविका अभ्यासक्रमाच्या एका पुस्तकातल्या प्रकरणाचा मराठी अनुवाद छापायला जाण्यापूर्वी तपासून द्यायचा होता. विषय होता अक्षीय भार आणि तापमान यांमुळे सळईत होणारे बदल. मी तौलनिक साहित्याची एम.ए. आहे, कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादावर घर चालत नाही, म्हणून अशी कामं घेते.

गणित अवघड नव्हतं. सळई ओढली की वाढते. भार जितका जास्त आणि सळई जितकी लांब, तितकी वाढ जास्त. सळई जितकी जाड आणि धातू जितका ताठर, तितकी कमी. एक मीटर लांब, 20 मिलिमीटर व्यासाची पोलादी सळई घेऊन तिला तीन टन वजन टांगलं, तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. वजन काढलं की पुन्हा पहिल्यासारखी होते. तीच सळई नुसती 40 अंशांनी तापवली तरी जवळजवळ तेवढीच वाढते. तीन टन वजन जे करतं ते काशीतलं ऊन आवाज न करता करतं, ही गोष्ट मला फार आवडली होती.

अडचण होती ती शब्दांची. हिंदी पुस्तकांत 'प्रत्यास्थता' असते, आपल्याकडे 'स्थितिस्थापकता'. एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या अंतर्गत बलाला 'प्रतिबल' आणि मूळ लांबीच्या तुलनेत झालेल्या बदलाला 'विकृती' हे शब्द मराठीत आहेत. पण 'विकृती' म्हटलं की वर्गात हसू येतं, आणि 'प्रतिबल' कुणी बोलत नाही. आधीच्या प्रकरणांच्या अनुवादकाने 'प्रतिबल'ऐवजी सरळ 'ताण' वापरला होता. सुटसुटीत, घरातला शब्द. मीही तोच पुढे नेला. असे घोळ फार जुने आहेत. रॉबर्ट हूकने 1678 मध्ये आपला नियम लॅटिनमध्ये मांडला, तेव्हा त्यातल्या 'टेन्सिओ'चा अर्थ ताण नव्हता, लांबीतली वाढ होता. हे मी एका टिपणात मोठ्या ऐटीत लिहूनही ठेवलं होतं.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्या लावून आम्ही खालच्या गारव्याच्या खोलीत बसलो होतो. मामांना वाचून दाखवावं असं काही माझ्याकडे नसतं, हे होतं. मी वाचलं, "दोन भिंतींमध्ये घट्ट बसवलेली सळई तापवली असता तिच्यात ताण निर्माण होतो. रेल्वेच्या रुळांतही उन्हाळ्यात असाच ताण येतो."

"उन्हाळ्यात?" मामा म्हणाले. "अगं, पटरीला ताण थंडीत येतो. उन्हाळ्यात ती दबते."

मी म्हटलं, "मामा, पुस्तकात ताण म्हणजे नुसतं आतलं बल. ओढीचंही असेल, दाबाचंही."

"पुस्तकात असेल. वाचणाऱ्या पोराला काय कळणार?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पूर्वी 13 मीटरच्या पटऱ्या जोडून असत आणि मध्ये फट ठेवत. 30 अंश तापमान वाढलं की 13 मीटरची पटरी पाच-एक मिलिमीटर वाढते, ती त्या फटीत मावते. गाडीचा तो खडखडाट या फटींचाच. आता पटऱ्या वितळजोड करून लांबच लांब केल्या आहेत. त्यांची टोकं तेवढी थोडी पुढेमागे होतात, मधला भाग स्लीपर आणि खडीने असा धरून ठेवलेला असतो की तो हलतच नाही. "हलत नाही म्हणून काही होत नाही असं समजू नकोस. जिथे हलायला मिळत नाही तिथेच सगळं साठतं."

मी कागदावर हिशेब केला. मीटरला 60 किलो वजनाचा रूळ, बसवतानाच्या तापमानापेक्षा 30 अंशांनी तापलेला: आतला दाब सुमारे 55 टन. एकेका रुळात. गंमत म्हणजे यात लांबी कुठेच येत नाही. रूळ दोनशे मीटर असो की दहा किलोमीटर, मधल्या भागातला दाब तोच. खडीची पकड सैल पडली की रूळ आडवा सरकून नागमोडी होतो. थंडीत उलट. रूळ आखडू पाहतो, आखडू दिला जात नाही, ओढ वाढते आणि एखाद्या पहाटे तो तुटतो. म्हणून उन्हाळ्यात दुपारची गस्त असते, हिवाळ्यात रात्री-पहाटेची. मामांनी दोन्ही घातल्या होत्या.

माझ्या वाक्यात ऋतूच उलटा झाला होता. 'ताण' हा शब्द मराठी मुलाला ओढच दाखवणार. तो उणे चिन्हाच्या जागी अधिक घालणार आणि उत्तर चुकलं की गणित आपल्याला जमत नाही असं समजणार. कादंबरीत अर्थ थोडा सरकला तर वाचक सांभाळून घेतो. इथे तसं कुणी नव्हतं.

मी संपादकांना लिहिलं की 'ताण' काढून सगळीकडे 'प्रतिबल' करावं. उत्तर आलं: आधीची प्रकरणं छापून झाली आहेत, शब्द बदलता येणार नाही, आणि शब्द सोपा आहे, तक्रार कशाची? दोनदा फोन केला. माझं नाव पुस्तकातून काढा, असंही म्हणून पाहिलं. शेवटी आपल्या प्रकरणापुरती एक चौकट घालायची परवानगी मिळाली.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर घाटावर गेलो. उत्तरेला राजघाटाचा पूल दिसत होता. 1887 सालचा, तेव्हा डफरिन पूल, 1948 पासून मालवीय पूल. खाली रेल्वे, वर रस्ता. एक किलोमीटरहून थोडा लांब. हिवाळ्यातल्या पहाटेपेक्षा मेमधल्या दुपारी पोलाद 40 अंशांनी जास्त तापलं, तर एवढ्या लांबीत एकूण अर्ध्या मीटरची वाढ होते. ती एका जागी होऊ देत नाहीत, गाळ्यागाळ्यात वाटतात. मोठे गाळे 350 फुटांचे, म्हणजे प्रत्येकी पाच सेंटिमीटर. अशा पुलांत गर्डरचं एक टोक जखडतात आणि दुसरं सरकतं ठेवतात.

"पुलाला मोकळीक दिली, पटरीला नाही," मामा म्हणाले. "दोन्ही चालतं. फक्त कुठे काय केलंय ते ध्यानात हवं."

रात्री चौकट लिहिली: "येथे 'ताण' म्हणजे नेहमी ओढ नव्हे. जखडलेली सळई तापली तर तिच्यात दाब निर्माण होतो, थंड झाली तर ओढ. मोकळी सळई वाढते किंवा आखडते, पण तिच्यात दाबही नसतो आणि ओढही नसते." मामांना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

"आता पोरगं फसणार नाही," म्हणाले, आणि मामींच्या फोटोसमोरचा दिवा विझला होता तो लावायला उठले.